मोजाभर पीठ

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण जाणार आहोत इटलीच्या दक्षिणेला, नेपल्स बंदरात. साल 1647. राज्य स्पेनच्या राजाचं, कारभार त्याच्या व्हाइसरॉयचा, आर्कोसच्या ड्यूकचा. स्पेनला लढायांसाठी पैसा हवा, म्हणून पीठ आणि फळांवरसुद्धा जकात. वसुलीचे मक्ते सावकारांना विकलेले. मक्तेदारानं सरकारला पैसा मोजायचा आणि तो नाक्यावर लोकांकडून काढायचा.

आता मुख्य गोष्ट. बाजारचौकाजवळ मासानिएल्लो नावाचा तरुण कोळी राहायचा. त्याची बायको बेर्नार्दिना. असं सांगतात, की तिनं एकदा मोज्यात पीठ भरलं आणि जकात चुकवून ती शहरात शिरू लागली. नाक्यावर पकडली गेली. मोज्यात पीठ मावून मावून किती मावणार? तुम्ही रोज कणीक मळता, तुम्हाला अंदाज आहे. तेवढ्यासाठी तिला तुरुंगात टाकलं. तिला सोडवायला दंड भरता भरता नवरा कर्जात बुडाला. मोजाभर पीठ, श्रोतेहो! ती चोर, आणि शहराच्या अन्नावर गबर झालेला मक्तेदार प्रतिष्ठित.

इतिहासाच्या पुस्तकात लढायांइतकीच बाजारभावांची पानं हवीत, असं मी कधीपासून म्हणतो आहे. पोरांना तहांच्या तारखा पाठ असतात, पण त्या साली धान्य काय भावानं मिळत होतं, हे कुणी शिकवत नाही.

असो. 7 जुलै, रविवार. फळबाजारात वाद पेटला : जकात शेतकऱ्यानं भरायची की विक्रेत्यानं? फळं रस्त्यावर उधळली गेली, जकातीची चौकी जळाली, आणि लोकांचा पुढारी झाला तो हाच कोळी. मग जमाव मक्तेदारांच्या वाड्यांवर गेला. पलंग, पडदे, चांदीची भांडी, सगळं बाहेर ओढून होळी केली. मासानिएल्लोची सक्त ताकीद होती : जाळा, पण घरी काही न्यायचं नाही. पुन्हा सांगतो, घरी काही न्यायचं नाही! भुकेल्या माणसांनी चांदी आगीत टाकली.

व्हाइसरॉयला जकाती रद्द करणं भाग पडलं. पण 16 जुलैला मासानिएल्लोचा खून झाला आणि त्याचं शिर कापून नेलं. लगोलग त्याच पैशात मिळणाऱ्या पावाचं वजन घटलं, म्हणजे पाव पुन्हा महागला. तेव्हा लोकांनी त्याचं शिर आणि धड शोधून आणलं, एकत्र केलं आणि प्रचंड मिरवणुकीनं त्याला पुरलं. बंड पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चाललं.