भरलेली बादली

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापलाय ‘हिवाळ्यात घोड्याचं शिक्षण’. शिक्षणाकडे येतोच. पण आधी मला पाण्याच्या बादलीबद्दल बोलू द्या. बादली चुकली तर शिकवायला घोडाच उभा राहत नाही.

तुम्ही सगळे घोडेवाले आहात, म्हणून खरारा कसा करावा हे सांगत बसत नाही. एक विचारतो. परवाच्या गारठ्यात रात्री उठून किती जणांनी घोड्यावर झूल टाकली? बरेच हात आहेत. आणि झूल टाकण्याआधी घोड्याच्या केसांत बोटं घालून किती जणांनी पाहिलं? बघा, हात लगेच खाली आले! थंडी तुम्हाला वाजत होती, मंडळी. केसांच्या मुळाशी घोडा उबदार होता.

दिवस लहान व्हायला लागला की थंडी पडायच्या आधीच त्याच्या अंगावर दाट केस यायला लागतात. गारठा वाढला की ते उभे राहतात आणि त्यांच्यात हवा अडकते. पातळ झूल ते केस चेपून टाकते, म्हणजे त्याची स्वतःची ऊब काढून घेऊन आपण कमी ऊब देतो. अंगावर मांस असलेला, पूर्ण केस आलेला, कोरडा घोडा पारा शून्याच्या काही अंश खाली गेला तरी आरामात असतो. भिजलेल्या अंगाला वारा लागला तर मात्र तो कुडकुडतो. म्हातारा, हडकलेला किंवा केस कापलेला घोडा असेल तर झूल हवीच, त्यात वाद नाही.

आता बादली. माझ्याकडे एक कुमाईत, म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची घोडी होती, शांत, खाण्यात चोख. त्या हिवाळ्यात सलग चार रात्री कडाक्याची थंडी पडली. मी रोज पहाटे कंदील घेऊन जायचो, बादली काठोकाठ भरलेली दिसायची आणि मला बरं वाटायचं. पाणी भरपूर आहे, काळजी नको. पाचव्या सकाळी तिचं गवत अर्धं तसंच पडलेलं होतं. लीद होती, पण चार-पाच बारीक, कडक गोळे, वरून चिकट आवरण आलेले. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि मान वळवून सारखी आपल्या कुशीकडे बघत होती. कुशीला कान लावला. एरवी तिथे पोटातली गुडगुड सतत ऐकू येते, त्या दिवशी काहीच नाही. असली शांतता मी पुन्हा कधी ऐकू नये.

डॉक्टर आले. घोड्याला उलटी करता येत नाही, वरचा रस्ता बंदच असतो, म्हणून त्यांनी नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि क्षार सोडले. दोन दिवस, दोन रात्री मी तिच्यापाशी होतो. तिसऱ्या पहाटे तिने लीद टाकली आणि मी तबेल्यात एकटाच मोठ्याने हसलो. घोडेवाल्याखेरीज हा आनंद कोणाला कळायचा!

भरलेल्या बादलीचा अर्थ एवढाच होता की घोडी पाणी प्यालीच नव्हती. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागतं. हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. हिवाळ्यात आपण वाळलेलं गवत देतो, त्यात ते उरत नाही. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पाणी बर्फासारखं होतं आणि घोडा दोन घोट घेऊन तोंड काढतो. आतड्यात चारा सुकतो आणि अडकतो.

याचे प्रयोग झालेत. फक्त कोमट पाणी ठेवलं तर घोडे गार पाण्यापेक्षा जास्त पितात. पण दोन्ही शेजारी ठेवलं की ते गारच पाणी निवडतात आणि एकूण कमी पितात. तेव्हा त्याला निवडायला देऊ नका. कोमट तेवढंच ठेवा, चाऱ्यासोबत मीठ द्या आणि बादलीच्या आत रेघ मारून रोज किती उतरलं ते लिहून ठेवा. घोड्याची निगा राखायला मोतद्दार असला तरी ही नोंद मालकाने स्वतः बघायची.

दारं बंद करण्याबद्दलही बोलायलाच हवं. थंडी लागेल म्हणून तबेला गच्च बंद करतात. आज घरी गेलात की थानावर, म्हणजे घोडा बांधता त्या जागी, गुडघे टेकून बसा आणि श्वास घ्या. डोळ्यांत झोंबेल तो मुताचा अमोनिया. घोडा तिथेच झोपतो, तिथेच खातो. हिवाळाभर खोकणारे कितीतरी घोडे या कोंडलेल्या हवेने आणि गवताच्या धुळीने खोकत असतात. वरचे झरोके उघडे ठेवा.

दहा मिनिटं उरली अशी चिठ्ठी आली आहे. शिक्षणाचं भराभर सांगतो.

थंडी वाढली की लोक चंदी, म्हणजे दाणा, वाढवतात आणि मग घोडा उधळतो म्हणून माझ्याकडे येतात. ऊब चाऱ्यातून येते. मोठ्या आतड्यात गवत आंबताना उष्णता सुटते, म्हणून कडाक्यात गवत वाढवा. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करा, निम्मी अवखळ वागणूक तिथेच जाईल. लांब केसांनी डोळा फसतो, तेव्हा बरगड्या हाताने चाचपूनच काय ते ठरवा.

लगामाची कडी तळहातात गरम करून मगच तोंडात द्या. गार लोखंड चार वेळा लागलं की घोडा लगाम बघून मान वर करायला शिकतो, आणि ते शिकवणारे आपणच. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, हळूहळू आवळा. पहिली १५ ते २० मिनिटं नुसती चाल, मग दुडकी. जमीन कडक असेल तर वेग नको. सोसाट्याच्या वाऱ्यात नवा धडा नको. हे दिवस सावकाश कामाचे आहेत. स्थिर उभं राहणं, मागे सरणं, बाजूला पाऊल टाकणं, पाय उचलून देणं, एवढं पक्कं करा.

आणि वाळवता येईल इतकाच घाम काढा. काम संपलं की चालवत राहा, खोगीर काढून पाठ गवताच्या बोळ्याने चोळा, पुढच्या पायांमधून छातीखाली हात घाला. तिथले केस मुळापर्यंत कोरडे लागले, तरच त्याला थानावर बांधा.