खुंटा कडेलाच का?

श्रोतेहो, नमस्कार.

दार उघडताना आपण बिजागरीपाशी ढकलत नाही, कडीपाशी ढकलतो. हल्ली काही फ्लॅटांच्या दारांना शोभेची मूठ पार मधोमध बसवतात, ते मला मुळीच पटत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते दार दुप्पट जड जातं. शब्दशः दुप्पट, आणि आज त्याचाच हिशेब सांगायचा आहे. वस्तू ज्या रेषेभोवती फिरते ती तिचा आस, दाराची बिजागरी तसा. जोर आसापासून बाजूला लागला की वस्तू फिरते. किती नेटानं फिरते? जोर गुणिले अंतर. पुन्हा सांगते, जोर गुणिले अंतर. या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात.

मला हे आज्जीच्या जात्यावर कळलं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. एकदा वरच्या तळीचा, म्हणजे फिरणाऱ्या दगडाचा टवका उडाला, नेमका हातात धरायच्या खुंट्याजवळचा. पाथरवट आला. कड पुन्हा फुटू नये म्हणून त्यानं नवं भोक आत घेतलं, जिच्याभोवती तळी फिरते ती मधली खीळ आणि जुनं भोक यांच्या बरोबर मध्ये. खुंटा ठोकला, लाकूड फुगून घट्ट बसावं म्हणून वरून पाणी मारलं.

आज्जीनं घास टाकला, दोन फेरे घेतले आणि थांबली.

"जातं जड झालंय."

"आज्जी, दगड त्योच हाय."

"दगड त्योच हाय, पर हात आत गेलाय."

मी तेव्हा नऊ वर्षांची. मला वाटलं, फेरा लहान झाला म्हणजे कष्ट कमी. हौसेनं समोर बसले. पाच-सहा फेऱ्यांत दंड भरून आले. त्यात मी खुंटा सरळ खिळीकडे रेटत होते. आज्जीनं माझं मनगट धरलं. "खिळीला ढकलून काय हुतंय? बाजूनं न्ये."

त्या दोन वाक्यांत सगळा धडा आला. हात आत गेला की अंतर घटतं. आणि जोराची रेषाच खिळीतून गेली, तर अंतर शून्य, मग कितीही रेटा, आघूर्ण शून्य. म्हणून अंतर मोजायचं ते आसापासून जोराच्या रेषेपर्यंत, काटकोनात. काटकोनात, हे विसरू नका.

आता आकडे. खुंटा खिळीपासून 16 सेंटीमीटरवर, जोर 10 न्यूटन, म्हणजे साधारण किलोभर वजनाएवढा. 10 गुणिले 0.16, आघूर्ण 1.6. खुंटा 8 सेंटीमीटरवर आणला की 0.8. निम्मं! तळी 16 किलोची, 20 सेंटीमीटर त्रिज्येची धरली, तर तिचं जडत्व आघूर्ण, म्हणजे ती फिरायला किती अडते त्याचं माप, 0.32 येतं. आधीच्या दोन्ही आघूर्णांना त्यानं भागा. घर्षण सोडलं तर कोनीय त्वरण, म्हणजे फिरण्याचा वेग किती झपाट्यानं वाढतो ते, पहिल्या वेळी 5, दुसऱ्या वेळी अडीच. पीठ तेवढंच काढायचं, तर आत धरलेल्या खुंट्याला दुप्पट जोर हवा. एका फेऱ्यातलं काम बदलत नाही, कारण हाताची वाट निम्मी होते. पण खांदा दुखतो तो जोरानं.

जात्याच्या पिठाची भाकरी गोड लागते हे माझं ठाम मत आहे, पण तो विषय पुन्हा कधी.

पाथरवटानं दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूला, जिथं कड शाबूत होती तिथं, तिसरं भोक पाडलं. आतलं भोक तसंच राहिलं. त्यात दाणे अडकू नयेत म्हणून आज्जी दळायला बसण्याआधी चिंधीचा बोळा कोंबायची.