फोनवरचा अर्धा तास

नमस्कार, श्रोतेहो. दुसऱ्या महायुद्धातले सेनापती म्हणून मॉन्टगोमरी, रोमेल ही नावं आपल्या कानावर असतात. अ‍ॅलन ब्रुक या ब्रिटिश सेनानीचं नाव मात्र फारसं कुणाच्या तोंडी नसतं, आणि मला ते मनापासून खटकतं.

घराणं आयर्लंडचं, जन्म फ्रान्समधला, १८८३चा. १९०२ मध्ये ते तोफखान्यात दाखल झाले, पुढे काही वर्षं हिंदुस्थानातही होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या हाती आलं ते सरकत्या भडिमाराचं काम. १९१७च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या फौजेनं फ्रान्समधली व्हिमीची टेकडी घेतली, तेव्हा तोफांचं वेळापत्रक आखण्यात ब्रुक होते. पायदळाच्या पुढ्यात गोळ्यांचा पडदा पडायचा, साधारण दर तीन मिनिटांनी शंभर यार्ड पुढे सरकायचा आणि जवान त्याच्या मागोमाग चालायचे. गोळा आखूड पडला तर आपलीच माणसं जाणार. पडदा घाईनं पुढे गेला तर शत्रू मशीनगनवर परत बसणार. नकाशा आणि घड्याळ समोर ठेवून हा हिशेब मांडायचा. तिथं कुणाची भीडभाड चालत नाही.

ही सवय १९४०च्या जूनमध्ये कामी आली. फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून जर्मनांच्या तावडीतून सुटून आलेल्या ब्रुकना पुन्हा फ्रान्सला धाडलं होतं. १४ जूनला चर्चिल फोनवर आले. फ्रेंचांना आधार वाटावा म्हणून फौज तिथंच ठेवा, असा त्यांचा आग्रह. ब्रुकनी ऐकवलं, फ्रेंच सैन्य मेलंय, आणि मेलेल्याला काही वाटत नसतं. दोघं आयुष्यात प्रथमच बोलत होते! अर्धा तास वाद झाला, शेवटी चर्चिलनी मानलं. त्यानंतर फ्रान्सच्या बंदरांतून दोन लाखांच्या आसपास सैनिक निघाले. त्या अर्ध्या तासासाठी मी या माणसाला मानतो.

१९४१च्या डिसेंबरपासून ते ब्रिटनचे लष्करप्रमुख. चर्चिलच्या धाडसी कल्पनांना आवर घालण्यात रात्री जायच्या, मनातली सगळी चीड रोजनिशीत उतरायची. युरोपवरच्या स्वारीचं सेनापतिपद त्यांना कबूल केलं होतं. १९४३च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या परिषदेवेळी कळलं, ते अमेरिकनाला जाणार. घाव वर्मी लागला, तरी त्याच दिवशी बैठकीला हजर.

विसावा होता तो पक्ष्यांचा. युद्धाच्या धामधुमीतच त्यांनी पक्ष्यांच्या चित्रांचे मोठमोठे जुने ग्रंथ घेतले होते. युद्ध जिंकलं, आणि पैशाची ओढाताण सुरू झाली. घर विकून हे फील्ड मार्शल माळ्याच्या खोपटात राहायला गेले. ते ग्रंथही विकावे लागले.