दुकानाच्या बिलावरची एक जादा ओळ

मंडळी, 31 मे जवळ आली आहे, तेव्हा मिळकतकराचं बिल आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी टेबलावर पडलेलं असणार. सवलतीची तारीख चुकवेल तो पुणेकर कसला! आज ते बिल भरण्याआधी जरा वाचू. मी दोन बिलं आणली आहेत. एक माझ्या कोथरूडच्या फ्लॅटचं आणि दुसरं मेव्हण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानाचं.

सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, शिक्षण कर या ओळी दोन्हींवर आहेत. दुकानाच्या बिलावर एक ओळ जादा आहे, रोजगार हमी कर. मेव्हण्याला विचारलं, "हा कशाचा रे?" तो म्हणाला, "कुणास ठाऊक भावोजी, दुकानातल्या पोरांच्या नोकरीचा असेल." कित्येक वर्षं बिनचूक भरतोय, पण कधी विचारलं नाही.

या ओळीच्या मागे 1972 चा दुष्काळ आहे. इथे बसलेल्या काही जणांनी तेव्हा मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, खाल्ला असेल. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. गावात मागेल त्याला काम द्यायचं ही त्यांची कल्पना. तासगाव तालुक्यात विसापूरला 1965 साली तिचा छोटा प्रयोग झाला आणि दुष्काळात ती राज्यभर राबली. पुढे कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. देशाचा रोजगार हमीचा कायदा यायला 2005 उजाडलं. पण खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी द्यायला पैसा हवा, तो कुठून आणायचा? शहरातून. म्हणून बिगरनिवासी मिळकतींवर हा कर बसला. व्यवसाय करही 1975 साली याच कामासाठी आला. नोकरदारांनी पगाराची चिठ्ठी काढून बघा. दर महिन्याला 200 रुपये जातात आणि फेब्रुवारीत 300. घटनेने वर्षाची कमाल मर्यादा 2,500 ठेवली आहे, तो हिशेब फेब्रुवारीत जुळवतात. सगळ्यात लहान महिन्याला सगळ्यात मोठी कात्री!

माझ्या मते महाराष्ट्राने बसवलेल्या करांपैकी रोजगार हमी कर हा सगळ्यात शहाणा. पण एक लक्षात घ्या. बिल महापालिकेचं, वसुली महापालिकेची आणि ही रक्कम जाते राज्याच्या तिजोरीत. शासनाच्या शिक्षण कराचंही तसंच. आपण मात्र शिव्या महापालिकेला घालून मोकळे होतो.

मग महापालिकेचं स्वतःचं काय? तिची खरी कमाई होती जकात, शहरात येणाऱ्या मालावरचा कर. सोलापूर रस्त्याच्या नाक्यावर ट्रकची रांग लागायची. क्लीनर बिलांचा गठ्ठा घेऊन खिडकीकडे पळायचा, आतला कारकून ताडपत्रीकडे मान वर करून बघायचा आणि पावती फाडायचा. त्यात काय काय चालायचं ते मी सांगायला नको. ट्रक अडकायचे, डिझेल जळायचं, जकात जायला हवी होती यात वाद नाही. पण पैसा रोज यायचा, आणि शहराच्या हद्दीवर शहराच्या हातात यायचा.

1 एप्रिल 2013 ला जकात गेली आणि स्थानिक संस्था कर आला, आपला एलबीटी. नाक्यावर नाही, व्यापाऱ्याने स्वतः हिशेब ठेवून भरायचा. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी गेला आणि जुलै 2017 मध्ये जीएसटीने उरलासुरलाही नेला. त्याबदल्यात राज्याने भरपाईचा कायदा केला. 2016-17 हे आधारवर्ष, म्हणजे त्या वर्षाचं उत्पन्न पाया धरायचं आणि दरसाल 8 टक्के चक्रवाढीने रक्कम द्यायची. त्याच वेळी केंद्राने राज्यांना पाच वर्षांसाठी कबूल केले होते 14 टक्के. राज्याने वरून 14 ची हमी घेतली आणि खाली महापालिकांना 8 ची दिली.

8 टक्के वाईट नाहीत हो, नऊ वर्षांत रक्कम दुप्पट होते. पण ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं पुण्यात आली आणि 2021 मध्ये आणखी 23. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळी केली, बाकीची राहिली. त्यांचे रस्ते, ड्रेनेज, टँकर, सगळं आता शहराच्या अंगावर. आधारवर्षात ही गावं महापालिकेत होती का? नव्हती. पीएमपीची, म्हणजे आपल्या शहर बससेवेची, तूट येते तिचे 60 टक्केही पुणे महापालिकाच भरते.

म्हणजे 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं दिसत असलं, तरी कराचा दर कमीजास्त करून उत्पन्न हलवायचं म्हटलं तर महापालिकेच्या हातात मोठी दोरी एकच, मिळकतकर. कायद्याप्रमाणे त्याचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत मुख्य सभेने ठरवायचे. मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं सभागृहात नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक. प्रस्ताव मांडणारेही तेच, मंजूर करणारेही तेच.

आणि 40 टक्के सवलतीची गोष्ट तर तुम्ही भोगलेली आहे. मिळकतकर घराला वर्षाचं किती भाडं येईल त्या अंदाजावर लागतो. स्वतः राहता त्या घराचं हे भाडं 40 टक्के कमी धरायचं, हा पुण्याचा 1970 पासूनचा रिवाज. भाडं 60,000 धरलं तर आकारणी 36,000 वर. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्याने सवलत काढली, लोकांच्या हातात फरकाची बिलं पडली आणि 2023 मध्ये राज्याच्याच मंत्रिमंडळाने ती परत दिली. सवलत परत मिळाली तेव्हा आपण पेढे वाटले. मीही खाल्ला. पण पुण्यातल्या घराला किती कर लावायचा ते दोन्ही वेळा मुंबईत ठरलं, याचं वाईट वाटलेला माणूस मला त्या दिवशी भेटला नाही.

(समोरून एका काकांचा प्रश्न: "मग कर वाढवा म्हणताय का?")

काका, आधी 8 टक्क्यांचं भांडण करा म्हणतोय. आधारवर्षात ही गावं धरून भरपाई नव्याने मोजा, हे आमदारांना विचारायचं. नगरसेवकाकडे त्याचं उत्तर नाही, आणि आपण गाठतो मात्र त्यालाच, कारण तो कोपऱ्यावर भेटतो. ते झाल्यावर कर थोडा वाढला तरी मी भरेन. खर्चाच्या बाजूचं आज काढत नाही, चहा गार होईल.

ज्यांच्या बिलात 40 टक्के अजून वजा झालेले नाहीत त्यांच्यासाठी दाराजवळ पीटी-3 अर्ज ठेवलेत. स्वतः राहत असल्याचा पुरावा सोबत लागेल. सोसायटीचं पत्र आधी मागून ठेवा, सेक्रेटरी मे महिन्यात गावाला जातात.