कडीचा आवाज

नमस्कार, श्रोतेहो. मी नाशिकमध्येच मानसोपचार वॉर्डात सिस्टर म्हणून काम करते. आज एका रात्रीबद्दल सांगायचं आहे.

सुरगाण्याकडच्या एका बाईला रात्री दोनच्या सुमाराला जीपमधून आणलं. सोबत भाऊ. जेवत नाही, झोपत नाही, अंगावर धावून जाते, एवढंच केसपेपरवर लिहिलेलं. वॉर्डाचं दार लागलं, कडी सरकली, आणि तिनं असा टाहो फोडला की सगळा वॉर्ड जागा झाला. चौघांनी धरलं, हातपाय बांधले, इंजेक्शन दिलं. त्या चौघांत मीही होते.

सकाळी भाऊ खाली मान घालून म्हणाला, "ताई, सासरी तिला खोलीत कोंडायचे. बाहेरून कडी लावून."

बरं व्हायला आणलेल्या बाईला पहिल्याच तासात आम्ही पुन्हा कोंडलं होतं. ते मला आजही सलतं.

असा आघात सोसलेलं शरीर तो विसरत नाही. एखादा आवाज, दारूचा वास, मागून खांद्यावर पडलेला हात पुरतो. ते सगळं आत्ता, इथंच घडतंय असं वाटतं. मग माणूस पळतो, मारतो, नाहीतर दगडासारखा गप्प होतो. आणि आपण म्हणतो, पेशंट ऐकत नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही दार किलकिलं ठेवलं आणि उंबऱ्यात माझी खुर्ची टाकली. हात लावण्याआधी मी नाव सांगायची, सुई दाखवायची, विचारायची, "कुठल्या हातात देऊ?" कपडे बदलताना फक्त बायका. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून डावा हात पुढे केला.

औषध नको, असं मी म्हणत नाही. कधीकधी जीव वाचवायला धरावंही लागतं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच बांधता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं आणि कारणाची नोंद करून. एकांतात कोंडणं, साखळदंड घालणं यांवर तर बंदीच आहे. रात्रपाळीला माणसं कमी असतात, ते मी रोज भोगते. तरी माणसं कमी म्हणून बांधलं, हे कारण कायदा मानत नाही. आणि ते योग्यच आहे. बांधावं लागलंच, तर नंतर पेशंटजवळ बसून बोलायला हवं. धरणाऱ्या वॉर्डबॉयशीसुद्धा. त्याचेही हात थरथरत असतात, ते कुणी बघत नाही.

नातेवाइकांनो, घरच्या माणसाला घेऊन याल तेव्हा आजाराबरोबर एवढं जरूर सांगा: त्याला कशाची भीती वाटते, कुणाचा आवाज ऐकला की तो शांत होतो, अंधार चालतो का. चारचौघांत नको वाटलं तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. घरातूनच आधी कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.