भोंगा ऐकू येईनासा होतो तेव्हा

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर येथे नोकरीच्या शोधात असलेल्या तरुण-तरुणींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, १९९७ साली मी ज्या फाउंड्रीत मोल्डर होतो ती बंद पडली आणि पुढचे अकरा महिने मी घरी बसलो. आमचे घर बेळगावातल्या अनगोळात असल्यामुळे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेजारच्या कारखान्याचा सकाळचा भोंगा स्पष्ट ऐकू येई. पहिले दोन महिने तो वाजला की मी उठून बसत असे, तिसऱ्या महिन्यात कूस बदलू लागलो, आणि चौथ्या महिन्यात मला तो ऐकूच येईनासा झाला. फंडाचे थोडे पैसे हाती असल्याने चणचण तोवर सुरू झाली नव्हती. मात्र माझ्या दिवसाला कसला आकार उरला नव्हता.

हे माझ्या एकट्याच्या आळसाचे फळ नव्हते, हे मला फार उशिरा कळले. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली, तेव्हा मारी याहोदा ही सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून बेकारीचा अभ्यास केला. त्यांनी रस्त्याने जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेगसुद्धा मोजला. पुरुष रेंगाळत, जागोजागी थांबत. बायकांची पावले मात्र भराभर पडत, कारण त्यांचे घरकाम गिरणीबरोबर बंद पडले नव्हते. वेळ मुबलक असूनही गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. मोकळा वेळ मिळाला म्हणजे माणूस तो सत्कारणी लावतो, हा आपला समज किती भाबडा आहे ते यावरून दिसते.

म्हणून माझा आग्रह असा की नोकरी शोधण्यालाही शिफ्ट असावी. सकाळी नऊ ते दीड अर्ज, अभ्यास, फोन, भेटीगाठी. त्यानंतर शिफ्ट सुटली. रात्री एक वाजता अंथरुणात पडून मोबाइलवर जाहिराती चाळणे हे काम नव्हे, ती चिंता आहे आणि तिने झोप जाते. एका वहीत तारीख, कुठे अर्ज केला आणि पुढे कधी विचारायचे, एवढेच लिहावे. उत्तर येणे आपल्या हातात नसते, अर्ज पाठवणे असते. तेव्हा मोजायचे ते अर्ज.

या तालुक्यात पहाटे रस्त्यावर धावणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने भरतीचे स्वप्न इथे घरोघरी आहे. अग्निपथ या सैन्यभरतीच्या योजनेत वयाची अट आहे, आणि ते वय उलटल्यावर धावणे सोडून दिलेली कितीतरी मुले मला भेटतात. ज्या शरीराला चार वर्षे घडवले ते एका दिवसात निकामी झाल्यासारखे ती वागतात, याचे मला फार वाईट वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. तुम्ही तेवढा एका दिवसाआड करीत होता. भरती गेली तरी पहाट ठेवा.

मुलींची अडचण उलटी आहे. त्यांचा दिवस रिकामा नसतो, तो इतरांनीच भरलेला असतो. ‘घरीच आहेस ना, मग जरा दळण घेऊन ये’ असे दिवसातून पाच वेळा ऐकणाऱ्या मुलीला वेळापत्रकाचा उपदेश करणे निरर्थक आहे. तो तिच्या घरच्यांना करायला हवा. इथे पालक बसले आहेत, त्यांनी तिचे साडेचार तास मोडू नयेत.

आता थोडे नाजूक. मराठी माध्यमातून शिकलेल्यांची उमेद कर्नाटक राज्य सरकारच्या नोकरीत कन्नडच्या अनिवार्य परीक्षेपाशी खचते. सीमाप्रश्नावरचे आपले मत आपल्यापाशी राहू द्या. रोज एक तास कन्नड लिहायला शिकण्याने ते बदलत नाही. शिवाय या भाषेत आपण बाजार करतोच, फक्त लिपी अनोळखी असते, त्यामुळे महिन्याभरात प्रगती डोळ्यांना दिसते, आणि नकारांच्या काळात दिसणारी प्रगती फार मोलाची ठरते. दुसरी वाटही आहे: केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची लेखी परीक्षा २०२४ पासून मराठीतही देता येते.

एवढे करूनही सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते उमेदीचे प्रकरण राहत नाही, आजाराचे होते. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

शेवटी लग्नसराईतला प्रश्न. मांडवात पाऊल टाकताच आत्या विचारते, ‘काय करालास रे सध्या?’ आणि त्या एका प्रश्नाच्या भीतीने मुले नात्यातल्या लग्नांना जाणे सोडतात, वास्तविक नोकरीची खबर बहुतेक वेळा तिथल्याच पंगतीत मिळते. मला पुढची नोकरी बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये लागली, ती साडूच्या मुलीच्या बारशात कानावर आलेल्या बातमीमुळे. तेव्हा उत्तर घरूनच तयार करून जा: ‘सकाळी दीडपर्यंत अभ्यास आणि अर्ज, संध्याकाळी मामाच्या दुकानावर असतो; तुमच्या ओळखीत काही असेल तर सांगा.’ यावर आत्याचा पुढचा प्रश्न तुमच्या लग्नाचा असेल. त्याचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही.