मातीच्या बांधाला राखणदार हवा

मंडळी, नमस्कार.

कोकणात ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्याचा हिशोब मात्र फारसा कुणी मांडून बघत नाही. एक हेक्टर जमिनीवर तेवढा पाऊस पडला म्हणजे ३ कोटी लिटर पाणी पडलं. १०,००० लिटरचा टँकर धरला तर एका हेक्टरला ३००० टँकर. आणि एप्रिल उजाडला की याच वाड्यांमध्ये बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. माझी सगळी नोकरी लघु पाटबंधाऱ्यांच्या कामावर गेली, पण ही रांग बघायची सवय मला कधी झाली नाही. होऊही नये.

पाणी टिकत नाही याची कारणं आपल्या जमिनीतच आहेत. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर. पडलेलं पाणी पऱ्ह्याने, व्हाळाने काही तासांत खाडीला लागतं. जे मुरतं ते जांभ्यात, म्हणजे इथल्या तांबड्या दगडात मुरतं. जांभा सच्छिद्र, तो पाणी घेतो खरा, पण धरून ठेवत नाही. त्याच्याखाली पांढरट चिकण मातीचा थर लागतो, तिथून ते पाणी झऱ्यांच्या वाटेने बाहेर पडतं. दिवाळीत धो धो वाहणारा झरा शिमग्यापर्यंत करंगळीएवढा होतो.

अशा ठिकाणी मातीचं छोटं धरण काय करतं? कालवा काढून शेकडो एकर भिजवणं हे त्याचं खरं काम नव्हे. आपल्या शेताचे तुकडे लहान, उतार जास्त; कागदावरचे कालवे इथे कागदावरच राहिले आहेत. त्याचं खरं काम बांधाच्या खालच्या अंगाला दिसतं. तिथल्या विहिरींचं पाणी मार्चऐवजी मेपर्यंत पुरतं. कुळीथ-चवळीनंतर एखादा मिरचीचा, कलिंगडाचा वाफा होतो. आंब्या-काजूची नवी कलमं पहिली दोन वर्षं तगतात. खाडीकाठच्या गावात आणखी एक फायदा होतो: वरून गोडं पाणी जमिनीत उतरत राहिलं की विहिरीत खारं पाणी लवकर शिरत नाही. ऑक्टोबर ते मे मीटरभर पाणी नुसतं ऊनच पिऊन टाकतं, हे धरूनसुद्धा सौदा फायद्याचाच आहे.

आता हा बांध असतो कसा, ते सांगतो. बाहेरून दिसतो तो मुरमाचा उतार. आत मधोमध चिकण मातीचा गाभा असतो. पाणी अडवतो तो गाभा. गाभ्याच्या खाली चर खणून तो कठीण खडकापर्यंत किंवा पाणी न सोडणाऱ्या थरापर्यंत नेलेला असतो. पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर, खालच्या पायथ्याला निचऱ्यासाठी दगड, आणि एका कडेला सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट. आपल्याकडची अवघड जागा बांधाची दोन टोकं ही आहे. मधला बांध कितीही चांगला दाबलेला असो, टोकं जांभ्याच्या डोंगरात नीट रोवली नसतील तर पाणी बगलेने निघून जातं. असे बांध मी पाहिले आहेत. भिंत शाबूत आणि तलाव डिसेंबरात कोरडा. लोक मग ठेकेदाराला शिव्या देतात, पण बऱ्याचदा चूक जागा निवडतानाच झालेली असते.

मातीचं धरण पाण्याने भरलं म्हणून फुटत नाही. ते बहुतेक वेळा दोन कारणांनी जातं. पाणी डोक्यावरून गेलं तर, नाहीतर पोटातून माती घेऊन निघालं तर. सांडवा तुंबला, त्यात झाड आडवं पडलं, कुणी मासे धरायला जाळं आणि दगड लावले, किंवा ऑक्टोबरात जास्त पाणी अडवायला रचलेल्या गोणी जूनमध्ये काढायच्या राहिल्या, की पहिलं संकट दारात उभं. सिमेंटचा बंधारा वरून वाहिलेलं पाणी सोसतो. माती सोसत नाही, काही तासांत कापली जाते.

दुसरं संकट गुपचूप येतं. पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो, त्याला भिऊ नका. पाझर स्वच्छ आहे की गढूळ, एवढंच बघायचं. पायथ्याशी जिथे ओल दिसते तिथे काचेची बाटली धरा, भरा आणि तासभर सावलीत ठेवा. तळाशी मातीचा थर बसला, तर आतून गाभा धुपतोय. शिवाय पाझराखाली बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते घड्याळात बघा. तलावाची पातळी तीच असताना मागच्या आठवड्यात चाळीस सेकंदांत भरणारी बादली आज वीस सेकंदांत भरली, तर पाणी गढूळ नसलं तरी त्याच दिवशी कळवायचं. या कामाला इंजिनिअर लागत नाही. दहावीतली मुलगीसुद्धा हे चोख करील.

बांधावर झाडं नकोत. हे सांगितलं की लोक दुखावतात, मला कळतं. पण मोठं झाड मेलं की त्याची मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. गवत हवं, तेही कापलेलं, म्हणजे उंदीर, खेकडे, साळिंदर यांची बिळं दिसतात. वारूळ असलं तर देवाला गाऱ्हाणं घाला, पण ते खणून चिकण मातीने ठोकून भरा.

मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. १५३० साली, विजयनगरच्या काळात, नागेश देसाई यांनी तो बांधला असं सांगतात. दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध, शेजारी भगवतीचं देऊळ, आणि खाली धामापूर व काळसे या गावांची शेती. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा म्हणून गौरवलं. मातीचा बांध जवळजवळ पाचशे वर्षं टिकतो, तेही आपल्या पावसात! माझ्या मते त्याचं मोठं कारण हे की ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर तो बांध रोज आहे.

आणि चिपळूण तालुक्यातलं तिवरे. २ जुलै २०१९ ची रात्र. धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांवर ठपका ठेवला गेला, त्याचा मला आजही संताप येतो. खेकडे बिळं करतात हे कुणाला माहीत नाही? म्हणून तर बांध तपासायचा असतो. तिवऱ्याच्या लोकांनी पाहिलं होतं, सांगितलंही होतं. म्हणून मी म्हणतो, नुसतं सांगू नका. तारीख, जागा, बादली भरायला लागलेले सेकंद, फोटो असं लिहून द्या आणि त्यावर आवक क्रमांक घ्या.

कुणाला द्यायचं? १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेली कामं जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतची मृद व जलसंधारण विभागाकडे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली, ही चांगली गोष्ट झाली. पण तो कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटींवर. १० मीटरच्या आतला तुमचा गावतलाव त्यात येत नाही. तिथे तपासणी गावानेच लावून घ्यायची.

गाळाबद्दल थोडं बोलतो, कारण सध्या जेसीबी स्वस्त झालाय आणि उत्साह मोठा आहे. २०१७ पासून गाळमुक्त धरणाची योजना आहे, गाळ काढायलाच हवा. पण वरवरचा काढा. वर्षानुवर्षं तळाशी बसलेला बारीक चिकण थर हेच आपल्या जांभ्यावरच्या तलावाचं अस्तर असतं. पाच फूट जास्त खणून जांभा उघडा पाडलात तर भरलेला तलाव नाताळापर्यंत आटेल. बांधाच्या आतल्या पायथ्याजवळ तर बादलीभरही माती उचलू नका, तिथे बांधाचा पाय आहे.

तेव्हा १ मेच्या ग्रामसभेत ठराव घ्या. बांधावर फिरायला चार माणसं नेमा, त्यांत खालच्या वाडीतली दोन हवीतच. जूनआधी एक फेरी, पावसाळ्यात दर आठवड्याला एक आणि अतिवृष्टीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ. सांडव्यासमोरची जागा मेअखेर साफ. आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर खालच्या प्रत्येक घरातला एक फोन नंबर लिहा, रात्री दोन वाजता उचलला जाईल असा.